विरूपित द्रव्य आणि घनकोष्ठांची चौकट : एक पूर्वेतिहास

पुनावळे हे गाव हिंजवडीच्या संगणक-वसाहतीस आणि पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांस सारखेच जवळ आहे. प्रस्तुत विषयही या दोहोंच्या मधलाच होय. तापलेले पोलाद डायमध्ये दाबले असता कसे पसरेल, याचे गणित आता घण पडण्यापूर्वीच संगणकावर मांडता येते. त्यासाठी धातूवर एक जाळी कल्पिलेली असते. धातूबरोबर जाळीही पिळवटते, तिचे कोष्ठ चेपतात आणि पुढील गणित अडते. मग विरूपित आकार सम घनकोष्ठांच्या स्थिर चौकटीवर उतरवून घ्यावा लागतो. 'व्हॉक्सेल'साठी 'घनकोष्ठ' हा शब्द आम्ही येथे योजिला आहे.

द्रव्यकणाबरोबर प्रवास करावा, की एका जागी उभे राहून द्रव्य जाताना पाहावे, हा वाद अठराव्या शतकातील. पहिल्या दृष्टीस लाग्रांजचे व दुसरीस ऑयलरचे नाव चिकटले. वस्तुतः पहिली ऑयलरची आणि दुसरी दालांबेरची, असे ट्रूस्डेल यांनी दाखविले आहे. भाषाभ्यासकास याचे नवल वाटू नये.

दोहोंची सांगड १९५५ साली लॉस अ‍ॅलामॉस येथे फ्रान्सिस हार्लो यांनी घातली. कणाचे वस्तुमान भोवतालच्या आठ कोपऱ्यांना अंतराप्रमाणे वाटावयाचे. वाट्यांची बेरीज मात्र एकच भरली पाहिजे. वेग तसा वाटता येत नाही. संवेग वाटून मग त्यास वस्तुमानाने भागावे लागते. कोष्ठ 'भरलेले' वा 'रिकामे' एवढेच नोंदविले, तर पाच मिलिमीटरच्या कोष्ठात एक मिलिमीटरचा पत्रा पाचपट जाड तरी होतो किंवा नाहीसा तरी होतो. म्हणून व्याप्त अंश, म्हणजे येथे एक-पंचमांश, नोंदवितात. कोष्ठाची बाजू निम्मी केल्यास कोष्ठांची संख्या आठपट होते, हा खर्च वेगळाच.

हार्लो यांच्या पद्धतीत चौकटीवरील सरासरी वेग दर पायरीस कणांवर परत लादला जाई. नकलेवरून नक्कल करीत गेल्यास पोथीचे बारकावे पुसले जातात, तसेच येथे घडे. १९८६ साली ब्रॅकबिल व रूपेल यांनी कणाचा मूळ वेग राखून केवळ त्यातील बदल चौकटीवरून घेतला. मूळ पाठ न खोडता पाठभेद तेवढे टिपणाऱ्या संपादकाची वृत्ती ही. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध झाली, त्यामुळे आपल्याकडे ती अपरिचित नाही.

घन पदार्थांपर्यंत ही परंपरा १९९४ मध्ये पोहोचली. सल्स्की, चेन आणि श्रेयर यांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकातच 'इतिहासावलंबी' द्रव्यांचा उल्लेख केला, तो सार्थ आहे. एकदा वाकविलेले पोलाद पुन्हा सरळ केले तरी पूर्वीचे राहत नाही. आकार चौकटीवर उतरतो. भोगलेला ताण मात्र कणानेच वाहून न्यावा लागतो, कारण चौकट दर पायरीस पुसली जाते. तथापि कण एकमेकांपासून कोष्ठाहून फार दूर गेले, तर अखंड धातूतही भेग पडलेली दिसते. आणि ती भेग पोलादाची की गणिताची, हे चौकटीवरून ओळखता येत नाही.