जोत्याच्या वर ओटा

आमचं घर आज्यानं बांधलेलं. खाली काळ्या घडीव दगडाचं तीन थरांचं जोतं, वर दीड हात रुंदीची दगडमातीची भिंत. दारापुढं ओटा होता, पण तो जोत्याच्या दुसऱ्या थरापर्यंतच. ओटा आणि भिंत यांच्यामध्ये वीतभर फट, तिच्यात दगडगोटे भरलेले. आमच्या खेळायच्या गोट्या त्या फटीत जायच्या आणि मी मनातल्या मनात आज्याला नावं ठेवायचो.

सिमेंटला तेव्हा परमिट लागायचं. चार पोत्यांसाठी तालुक्याला हेलपाटे. १९८२ साली नियंत्रण थोडं सैल झालं, १९८९ साली पुरतं उठलं, आणि मग गावात ज्याच्या त्याच्या दारात सिमेंट दिसायला लागलं. माझ्या हातात उसाचे पैसे आले होते. मीही ओटा उचलला. रानातली काळी माती आणून भर घातली, फट बुजवली, वर शहाबादी फरशी थेट उंबऱ्याला लावून बसवली. वडील एवढंच म्हणाले, "भितीचं पाय कोरडं राहू दे की रं." मी दहावी शिकलेला. हसलो.

दुसऱ्या पावसाळ्यात आतून पोपडे सुटले. गुडघाभर उंचीवर पांढरा लोणा चढला. मी आतबाहेर सिमेंटचा गिलावा मारला, तर पुढच्या साली ओल त्या गिलाव्याच्याही वर निघाली. कंदिलाची वात रॉकेल वर ओढते हे शाळेत शिकलो होतो, पण माझीच भिंत वात झालीय हे ध्यानात आलं नाही. काळी माती पाणी धरून बसते, भिंत ते ओढते आणि सिमेंट बाहेर सुटू देत नाही.

त्याच भिंतीला लागून आईची बियाण्याच्या ज्वारीची कणगी होती. रब्बीला पेरलं, ते निम्मंसुद्धा उगवलं नाही. कणगीच्या तळाला हात घातला तर बुरशीचा वास. आई बी मागायला दुसऱ्याच्या दारात गेली, जन्मात पहिल्यांदा. मला ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

शेवटी एका म्हाताऱ्या गवंड्याला बोलावलं. त्यानं भिंतीवर नख ओढून बघितलं. "आण्णा, औषध नाय. उकरा."

उकरलं. काळी माती काढून मुरूम घातला, चोपला. ओटा उंबऱ्यापासून वीतभर खाली घेतला, अंगणाकडं हाताला बोटभर उतार दिला. भिंतीलगतची फट जोत्याच्या तळापर्यंत मोकळी करून तळाला मोठे दगड, वर खडी भरली आणि तिचं पाणी परसातल्या शेवग्याकडं काढून दिलं. सिमेंटचा गिलावा छिन्नीनं पाडला. त्याला ओटा बांधण्याइतकीच मजुरी गेली. भिंत मात्र लगेच वाळली नाही. दोन उन्हाळे तशीच उघडी ठेवली, मग चुन्याचा गिलावा केला. तो लागेपर्यंत वडील राहिले नाहीत.

आता थोरला म्हणतोय, अंगणात पेव्हर ब्लॉक टाकू, थेट दारापर्यंत, म्हणजे गाडी चढंल. टाक म्हणालो. पण सकाळी उठून जोत्याच्या दुसऱ्या थरावर कोळशानं एक रेघ ओढून ठेवलीय.