२-एफडीसीके: केटामाइनचा ‘लीगल’ भाऊ जागतिक यादीत कसा गेला?

मी उल्हासनगर कॅम्प १ मध्ये राहतो. जवळच अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत केमिकल कंपन्या, त्यामुळे ‘केमिकल’ शब्दाला आमच्याकडे कोणी दचकत नाही. परवा बिल्डिंगमधला कॉलेजचा एक मुलगा मोबाईल घेऊन आला. चॅटवर जाहिरात आली होती: ‘रिसर्च केमिकल २-एफडीसीके. केटामाइन नाही, म्हणून लीगल.’ “दादा, असं खरंच असतं का?” एका वाक्यात सांगता येईना, म्हणून हा लेख.

डिसोसिएटिव्ह म्हणजे काय?

केटामाइन हे भुलीचं औषध. १९६२ मध्ये अमेरिकेत तयार झालं. मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरला ते अडवतं. दुखणं जाणवत नाही आणि आपलं शरीर आपलं नाहीच असं वाटायला लागतं. यालाच डिसोसिएशन म्हणतात. ऑपरेशन थिएटरमध्ये भूलतज्ज्ञ शेजारी उभा असतो, पार्टीत कोणी नसतं. पडलं, भाजलं तरी कळत नाही. सतत घेणाऱ्याचं मूत्राशय कायमचं खराब होऊ शकतं.

२-एफडीसीकेमध्ये केटामाइनमधला क्लोरीनचा अणू काढून तिथे फ्लोरीन बसवलाय. बस्स, एवढाच फरक! पण यादीत फक्त केटामाइनचं नाव असेल, तर ‘आमचा माल वेगळा’ म्हणायला विकणारा मोकळा.

मग ठरवतं कोण?

१९७१ चा एक आंतरराष्ट्रीय करार आहे. एखाद्या पदार्थाबद्दल कुठलाही सदस्य देश किंवा जागतिक आरोग्य संघटना सूचना देऊ शकते. संघटनेची तज्ज्ञ समिती तपासते: सवय लागते का, आधीच्या यादीतल्या ड्रगसारखा परिणाम होतो का, लोक खरंच गैरवापर करतायत का, आणि औषध म्हणून काही उपयोग आहे का. शेवटचा निर्णय व्हिएन्नातल्या ५३ देशांच्या आयोगाचा. दोन तृतीयांश मतं लागतात.

आता गंमत बघा. २०१५ मध्ये चीनचा केटामाइनला या यादीत घालण्याचा प्रस्ताव आयोगापुढे आला. आरोग्य संघटनेचा सल्ला होता, नको. कारण या औषधाने श्वास सहसा चालू राहतो आणि रक्तदाब एकदम पडत नाही. म्हणून जिथे वीज किंवा व्हेंटिलेटरचा भरवसा नाही, अशा दवाखान्यातही त्यावर ऑपरेशन होतं. जागतिक कागदपत्रांचा फास बसला तर औषध तिथे पोचणारच नाही. (आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस कायद्यानंतर कॅन्सरच्या पेशंटना मॉर्फिन मिळणं किती अवघड झालं ते आठवा. कायदा त्यासाठी २०१४ मध्ये बदलावा लागला.) आयोगाने निर्णय पुढे ढकलला. केटामाइन आजही त्या यादीत नाही.

२-एफडीसीकेची बाजू घ्यायला मात्र एकही हॉस्पिटल नव्हतं. मान्य असा औषधी उपयोग नाही, परिणाम केटामाइनसारखे. मार्च २०२४ मध्ये आयोगाने ते १९७१ च्या कराराच्या दुसऱ्या अनुसूचीत टाकलं. फेनसायक्लिडीन, म्हणजे पीसीपी, तिथे आधीपासून आहे. त्याआधी २०१६ मध्ये मेथॉक्सेटामाइन हे आणखी एक ‘लीगल’ डिसोसिएटिव्ह तिथेच गेलं होतं. म्हणजे नातेवाईक बाहेर आणि पाहुणा आत! मला हे बरोबरच वाटतं.

मग केटामाइन भारतात मोकळं आहे का? अजिबात नाही. जागतिक यादीत नसलं तरी आपल्या सरकारने ते २०११ मध्ये एनडीपीएसच्या यादीत घातलं. तेव्हा ‘यूएनने बंदी घातली नाही’ हा मेसेज कोणी दाखवला, तर अर्धीच गोष्ट सांगतोय.

त्या मुलाला मी आणखी एक विचारलं: पाकिटात २-एफडीसीकेच आहे हे तुला कोण सांगणार? लेबल विकणाराच छापतो.

कोणी असलं काही घेऊन बेशुद्ध झालं, तर कुशीवर झोपवा, १०८ ला फोन करा आणि पाकीट किंवा जाहिरातीचा स्क्रीनशॉट डॉक्टरांना दाखवा. विक्रीची तक्रार १९३३ वर करता येते. सवय सोडायला मदत हवी असेल तर १४४४६.