अप्रशासित संपदा
मृत व्यक्तीची मिळकत पूर्णपणे वाटली जाण्यापूर्वीच तिचा प्रशासक मरण पावला असता मागे राहिलेला भाग. प्रशासकाकडे मिळकत येते ती मृताचा कायदेशीर प्रतिनिधी म्हणून, मालक म्हणून नव्हे. त्यामुळे दस्तऐवज आणि हिशेबवह्या त्याच्या मुलांच्या हाती असल्या, तरी त्यांना जमिनीचे विक्रीखत करून देता येत नाही.

इंग्लंडमध्ये मृत्युपत्र न करता मरण पावलेल्यांच्या चीजवस्तूंची व्यवस्था धर्मपीठाकडे असे. ती मृताच्या निकटच्या आप्तांवर सोपवावी, असे १३५७ च्या कायद्याने ठरविले व प्रशासक हे पद अस्तित्वात आले. मृत्युपत्राने नेमलेल्या व्यवस्थापकाचा व्यवस्थापक मूळ काम पुढे चालवू शके, कारण त्यामागे मृताने टाकलेला विश्वास होता. प्रशासकाच्या नेमणुकीमागे तो नसल्याने त्याच्या मृत्यूबरोबर साखळी तुटे. भारतात १८६५ व १८८१ चे कायदे एकत्र करून भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ झाला. त्यातील कलम २५९ प्रमाणे उरलेल्या मिळकतीचे प्रशासनपत्र, मूळ पत्र ज्यांना मिळू शकले असते त्यांनाच देता येते. सहप्रशासक हयात असल्यास मात्र सर्व अधिकार त्याच्याकडे राहतात (कलम ३१२).

मुंबईच्या उपनगरांत हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. एकोणिसाव्या शतकात साष्टीतील गावेच्या गावे पारशी घराण्यांकडे आली. पुढे शेतजमिनींवर वसाहती उभ्या राहिल्या आणि वाटणी लांबली तसे जमिनीचे मोल वाढत गेले. सॉलिसिटर फ. ए. दिनशा (मृत्यू १९३६) यांचे पुत्र एदलजी दिनशा यांच्या मिळकतीचे उदाहरण बोलके आहे. तिच्यातील मालाडच्या जमिनीचा विकास करार १९९५ मध्ये झाला व पुढे त्यावरून दावे उद्भवले. ‘एकमेव प्रशासक’ या नात्याने नसली वाडिया यांनी मागितलेले बांधकामाचे नकाशे माहिती अधिकाराखाली द्यावेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. मालकाच्या पश्चात कित्येक दशके मिळकतीचा कारभार चालू राहू शकतो, हे यावरून दिसते. पद एकाच माणसाकडे असेल, तर त्याच्यामागे नवे पत्र मिळेपर्यंत मिळकतीच्या वतीने सही करणारा कोणी राहत नाही. खरेदीदारांचे अभिहस्तांतरणपत्र त्यामुळे अडते. चालू दाव्यातही त्याच्या जागी नवा प्रशासकच वादी होतो, त्याचे वारस नव्हेत.