गोष्टीच्या शेवटचे प्रश्न

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत माझी नऊ वर्षांची पुतणी कांहीं दिवस आमच्या घरीं राहावयास आली होती. रात्रीं जेवणें आटोपल्यावर तिनें गोष्टीचा हट्ट धरिला. मी बैठक सांवरून प्रारंभ करणार, तोंच तिनें अट घातली : “काका, गोष्ट सांगा, पण शेवटीं प्रश्न विचारायचे नाहींत हं!” प्रथम मला हंसूं आलें. ज्यानें तीस वर्षें इतिहास शिकविला आणि परीक्षेचे कागद काढले, त्यालाच ही अट पडावी यांत विनोद होताच. परंतु अंथरुणावर पडल्यावर तो विनोद मला टोंचूं लागला. दुसऱ्या दिवशीं मीं तिचें भाषेचें पुस्तक उघडून पाहिलें. त्यांत गोष्टी होत्या, चित्रें होतीं, कोडीं होतीं. आणि प्रत्येक गोष्टीच्या पायाशीं ‘स्वाध्याय’ उभा होता.

गोष्टी आणि खेळ यांच्या साहाय्यानें शिकवावें कीं नाहीं, हा वाद आतां जवळजवळ संपला आहे. सन २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेंही खेळ, खेळणीं व कथाकथन यांचा स्पष्ट पुरस्कार केला आहे. मग ज्या काळीं गोष्टीला शाळेंत मानाचें पान मिळालें, त्याच काळीं गोष्टीच्या शेवटाला भिणारी मुलगी कोठून निर्माण झाली ? या प्रश्नाचें उत्तर शोधावयाचें तर या शिक्षणपद्धतीच्या इतिहासाकडे थोडें मागें वळून पाहिलें पाहिजे.

आपल्या देशांत या इतिहासाचें पहिलें पान सर्वांच्या परिचयाचें आहे. महिलारोप्य नगराचा राजा अमरशक्ति आपल्या तीन मंदबुद्धि पुत्रांविषयीं चिंतातुर होतो आणि वृद्ध विष्णुशर्मा त्यांना सहा महिन्यांत राजनीतींत निष्णात करण्याची प्रतिज्ञा करितो. ही हकीकत कल्पित असेल. परंतु पंचतंत्राची घडण मात्र डोळ्यांपुढें आहे आणि ती विचार करण्याजोगी आहे. त्यांतील एखादें पात्र बोलतां बोलतां कोणाच्या तरी फजितीचा नुसता उल्लेख करितें आणि थांबतें. ऐकणाऱ्याला राहवत नाहीं. तो विचारतो, तें कसें घडलें? मगच गोष्ट सुरू होते. म्हणजे तेथें प्रश्न प्रथम आहे, गोष्ट नंतर आहे. आणि प्रश्न ऐकणाऱ्याचा आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत हा क्रम नेमका उलटला आहे. तेथें गोष्ट आधीं येते, प्रश्न मागून येतो, आणि तो ज्याला उत्तर आधींच ठाऊक आहे त्याचा असतो.

हा उलटा क्रम एका दिवसांत आला नाहीं. युरोपांतील शिक्षणविचाराकडे पाहिलें तर दोन प्रवाह शेजारीं शेजारीं वाहतांना दिसतात. मोरावियांतून परागंदा झालेला कोमेनियस हंगेरींतील शारोश्पाटक येथें असतांना त्यानें शाळेचा अभ्यासक्रमच नाटकांच्या रूपांत मांडून विद्यार्थ्यांकडून त्याचे प्रयोग करविले. पुढें १६५८ सालीं न्यूरेंबर्गला त्याचें चित्रमय जगाचें प्रसिद्ध पुस्तक निघालें. त्यांत वस्तूचें चित्र आणि तिचें नांव यांची मुलांच्या डोळ्यांपुढें गांठ घातली होती. मुलानें स्वतः बोलावें, स्वतः पाहावें, हा त्यामागील हेतु होता. उलटपक्षीं इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यानें १६९३ सालच्या आपल्या शिक्षणविषयक ग्रंथांत अक्षरें चिकटविलेल्या फांशांचा खेळ सुचविला. फांसे टाकतां टाकतां मूल वाचावयास शिकावें आणि आपण शिकत आहों याचा त्याला पत्ताही लागूं नये, अशी ती युक्ति होती. छडीपेक्षां ही युक्ति शतपटीनें दयाळू होती, यांत शंका नाहीं. परंतु तिच्यांत खेळ हें कडू गोळीवरचें साखरेचें वेष्टण झालें. गोळी कोणती द्यावयाची तें देणाऱ्यानें आधींच ठरविलेलें असतें.

१७६० नंतरच्या दशकांत लंडनच्या जॉन स्पिल्सबरी नांवाच्या कारागिरानें नकाशे लांकडावर चिकटवून, देशांच्या सीमांवरून कापून, ते तुकडे जुळविण्याचा खेळ विक्रीस काढिला. भूगोल शिकविण्याचें हें साधन याच दोन प्रवाहांच्या संगमावर उभें आहे. मुलाच्या हातांत तुकडे देऊन आपण दूर बसलों, तर कोणता देश कोणाच्या शेजारीं आहे हें तें स्वतः हुडकून काढतें. जवळ बसून प्रत्येक तुकड्याचें नांव विचारीत राहिलों, तर त्याच खेळाची परीक्षा होते.

खेळ मुलाच्या हातीं खरोखरच सोंपविला म्हणजे राज्यकर्तेही कसे बिचकतात, याचें उदाहरण जर्मनींत मिळतें. फ्रीड्रिख फ्रोबेलनें १८३७ सालीं ब्लांकेनबुर्ग येथें लहान मुलांच्या शिक्षणाचें कार्य आरंभिलें आणि १८४० सालीं त्याला ‘बालोद्यान’ या अर्थाचें किंडरगार्टन हें नांव दिलें. लोंकरीचे चेंडू, लांकडी ठोकळे, गाणीं आणि बागकाम एवढाच त्याचा सरंजाम. तरीही ऑगस्ट १८५१ मध्यें प्रशियाच्या सरकारनें नास्तिक्य व समाजवाद यांचा प्रसार होतो अशा आरोपाखालीं या बालोद्यानांवर बंदी घातली ! पुढच्याच वर्षीं फ्रोबेल वारला. बंदी उठली ती १८६० सालीं. ठोकळ्यांच्या खेळाचें सरकारला भय वाटावें ही गोष्ट आज हास्यास्पद वाटते. परंतु स्वतःच्या मनानें ठोकळे रचणारें मूल उद्यां स्वतःच्या मनानें प्रश्नही विचारील, ही भीति अगदींच निराधार होती असें म्हणवत नाहीं.

मराठींत मुद्रित बालवाङ्मयाचा आरंभ झाला तो गोष्टींनींच. सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांचीं ‘बाळमित्र’ आणि ‘इसपनीति’ हीं पुस्तकें १८२८ सालीं मुंबईंत निघालीं आणि पुढील पिढ्यांच्या वाचनाचा पाया घातला गेला. त्यांचें ऋण मोठें आहे. परंतु इसापाच्या गोष्टीबरोबर आपल्याकडे ‘तात्पर्य’ही रूढ झालें. कोल्ह्याला द्राक्षें कां आंबट लागलीं हें मुलाच्या मनांत उमलण्यापूर्वींच खालीं ठसठशीत अक्षरांत तें सांगून टाकावयाचें ! माझ्या समजुतीप्रमाणें आजचा ‘स्वाध्याय’ हा या ‘तात्पर्या’चाच वंशज होय. पूर्वीं मोठीं माणसें उत्तर देऊन मोकळीं होत. आतां तेंच उत्तर मुलाकडून वदवून घेतात, एवढाच फरक.

या परंपरेला आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ज्यानें निर्भयपणें आव्हान दिलें, तो पुरुष शिक्षक नव्हता, वकील होता. गिजुभाई बधेका यांचा जन्म १८८५ सालीं सौराष्ट्रांत झाला. आफ्रिकेंत कांहीं काळ काढून ते परतले, वकिली करूं लागले, आणि मुलगा झाल्यावर त्याच्या शिक्षणाच्या काळजीनें मादाम मॉन्टेसोरी यांच्या ग्रंथांकडे वळले. १९१६ सालीं ते भावनगरच्या दक्षिणामूर्ति संस्थेंत दाखल झाले; १९२० सालीं तेथें त्यांनीं बालमंदिर सुरू केलें. गुजराती समाजानें या वकिलाला ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, असें लाडकें नांव दिलें.

गिजुभाई मॉन्टेसोरींचे भक्त होते. पण अंध भक्त नव्हते. लहान वयांत परीकथांसारख्या अद्भुत गोष्टी सांगूं नयेत, प्रथम सत्य सृष्टीचा परिचय व्हावा, असें मॉन्टेसोरींचें मत होतें. गिजुभाईंनीं त्यांची साधनें घेतलीं, मुलाच्या स्वातंत्र्याचें तत्त्व घेतलें, आणि गोष्ट मात्र सोडली नाहीं. लोककथा जमवून त्यांनीं मुलांसाठीं लिहिल्या. गोष्ट सांगण्याच्या शास्त्रावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. गोष्ट प्रथम आनंदासाठीं आहे, नीतिपाठाचें वाहन म्हणून तिला राबवूं नये, ही त्यांची भूमिका होती.

१९३१-३२ च्या सुमारास प्रसिद्ध झालेलें त्यांचें ‘दिवास्वप्न’ हें पुस्तक प्रत्येक शिक्षकानें वाचावें असें आहे. प्राथमिक शाळेची चौथी इयत्ता एक तरुण शिक्षक वर्षभराच्या प्रयोगासाठीं मागून घेतो. वरिष्ठ अधिकारी परवानगी देतात, पण बारा महिन्यांनीं परीक्षा आहे हें बजावून ठेवतात. पहिल्याच दिवशीं शिक्षकाची फटफजिती होते. मुलांना शांततेचा पाठ द्यावा म्हणून तो दारें-खिडक्या लावतो, आणि अंधारांत पोरें जो गोंगाट मांडतात, त्यापुढें त्याच्या पुस्तकी योजना कोसळतात. दुसऱ्या दिवशीं तो गोष्ट सांगूं लागतो. त्या गोष्टीच्या ओढीनें वर्ग शांत होतो; पुढें हळूहळू वाचन येतें, गोष्टींच्या पुस्तकांचें लहानसें ग्रंथालय येतें, नाटक येतें, व्याकरणही खेळांतून येतें. सहकारी शिक्षक कुत्सितपणें पाहत असतात : गोष्टी सांगणें सोपें आहे, परीक्षेच्या वेळीं कळेल ! मला या पुस्तकांतील यशापेक्षां तो पहिला फजितीचा दिवस अधिक मोलाचा वाटतो. त्या दिवशीं शिक्षकानें मुलांना दोष दिला नाहीं. आपली योजना बदलली.

भावनगरच्या या कार्यांत १९२३ सालीं एक मराठी विदुषी सामील झाली. ताराबाई मोडक या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर. राजकोटच्या स्त्रियांच्या एका अध्यापन महाविद्यालयाचें प्राचार्यपद त्यांनीं भूषविलें होतें. १९२६ सालीं स्थापन झालेल्या नूतन बाल शिक्षण संघांत त्या गिजुभाईंच्या बरोबरीनें झटल्या आणि ‘शिक्षणपत्रिके’च्या द्वारें तो विचार मराठी घरांत घेऊन आल्या. १९३९ सालीं गिजुभाई निवर्तले. ताराबाईंनीं १९४५ सालीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें. अनुताई वाघ तेथें त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ सालीं कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या सान्निध्यांत, गेलें.

येथें या पद्धतीची खरी कसोटी लागली. शहरांतील सुखवस्तु मुलांकरितां महागडीं साधनें मागवितां येतात. जेथें मुलाच्या अंगावर धड कपडा नाहीं आणि सात वर्षांचा मुलगा गुरें राखावयास जातो, तेथें खेळानें कोण शिकणार? या दोघींनीं बिया, खडे, शंख-शिंपले आणि पानें यांचीं साधनें केलीं. मुलें शाळेंत येत नाहींत असें दिसतांच शाळा मुलांकडे नेली : पाड्यावरच्या अंगणांत अंगणवाडी भरली, आणि गुरें चरत असतां कुरणांत कुरणशाळा भरली. पुढें १९७५ सालीं सुरू झालेल्या सरकारी योजनेमुळें ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. ‘हें मूल कां येत नाहीं ?’ हा प्रश्न कोसबाडला शिक्षकानें स्वतःला विचारला होता.

आतां माझी स्वतःची गोष्ट सांगणें प्राप्त आहे. नाहीं तर हा सारा उपदेश परोपदेशाच्या जातीचा होईल. मीं वीस वर्षें पानिपतावर व्याख्यानें दिलीं, टिपणें सांगितलीं, कारणें क्रमांक घालून लिहवून घेतलीं. एका वर्षीं सहज मनांत आलें म्हणून महाविद्यालयाच्या आवारांत खडूनें यमुना काढली, पानिपत, कुंजपुरा आणि दिल्ली मांडलीं, आणि मराठ्यांच्या छावणींत धान्य म्हणून चिंचोक्यांचा ढीग ठेविला. प्रत्येक आठवड्याला एक मूठ चिंचोके उचलावयाचे, असा नियम. ऑक्टोबर १७६० मध्यें अब्दालीनें बागपताजवळ यमुना ओलांडली. डिसेंबरांत गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदेचा तो मार्ग तुटला. ढीग संपत आला. तेव्हां नेहमीं मागच्या बाकावर बसणारा एक विद्यार्थी उठून म्हणाला, “सर, पोटांत अन्न होतें तेव्हांच हे कां लढले नाहींत ? १४ जानेवारीपर्यंत वाट कशाची पाहिली ?” वीस वर्षांत हा प्रश्न मला कोणीं विचारला नव्हता. त्यानंतर दोन तास वाद चालला. भाऊसाहेबांची बाजू घेणारे आणि त्यांना दोष देणारे असे तट पडले, आणि दुसऱ्या दिवशीं ग्रंथालयांतून पानिपतावरचीं पुस्तकें नाहींशीं झालीं.

पुढच्या वर्षीं मात्र माझ्या वर्गांत एकशें वीस विद्यार्थी होते, अभ्यासक्रम वाढला होता, आणि मी निमूटपणें पुन्हां टिपणें सांगूं लागलों. खेळाला वेळ लागतो, ही तक्रार खरी आहे. पाढे, स्पेलिंगें, सनावळी यांना कांहीं घोकंपट्टी लागतेच, हेंही खरें आहे. सारें ज्ञान खेळांत विरघळतें असें म्हणणारा मुलांना फसवील. तरीही माझ्या माघारीचें सारें खापर वेळेवर फोडणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. खेळाच्या त्या तासांत कोणता प्रश्न येईल हें मला ठाऊक नव्हतें. टिपणें सांगतांना तें भय नसतें. प्रशियाच्या मंत्र्यांना मी हंसलों खरा. पण त्यांच्या भयाचा अंश माझ्या व्यासपीठावरही होता.

पुतणी परत जाण्याच्या आदल्या रात्रीं मीं तिला माकडाची आणि मगराची गोष्ट सांगितली, आणि अट पाळून शेवटीं गप्प बसलों. ती बराच वेळ छताकडे पाहत होती. मग म्हणाली, “काका, माकडानें काळीज झाडावर ठेवलंय असं सांगितलं, तर मगराला तें खरं कसं वाटलं ? त्याचं स्वतःचं काळीज कुठं असतं हें त्याला माहीत नव्हतं का ?” मीं उत्तर देण्यासाठीं तोंड उघडलें आणि मिटलें. “तुला काय वाटतें ?” असें विचारण्याचा मोहही आवरला, कारण तोही शेवटचा प्रश्नच झाला असता. ती आपल्या आपण विचार करीत राहिली, आणि झोपीं गेली.