सुंभ, पीळ आणि पाणी

‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही’ ही म्हण आपण सहज वापरतो. पण सुंभ म्हणजे काय, हे आता किती जणांना माहीत असेल, मला शंका आहे. सुंभ म्हणजे काथ्याची किंवा वाखाची दोरी. आणि वाख म्हणजे झाडातून काढलेला धागा.

शेतकऱ्याच्या घरात नुसतं ‘दोरी’ म्हणून भागत नसे. बैल हाकायला कासरा, गोठ्यात दावं, मोट ओढायला जाड नाडा, मोटेची सोंड आवरायला बारीक सोल. यासाठी अंबाडी लावत: पाल्याची भाजी, सालीचा वाख. व्यापारात हाच वाख ‘डेक्कन हेम्प’ झाला. दुसरं झाड केकताड, म्हणजे घायपात. मूळचं मेक्सिकोकडचं, आपल्याकडे बांधावर आणि रेल्वेच्या कडेला कुंपण म्हणून रुजलं.

केकताडाची पानं कापून पाण्यात कुजत घालायची. गर सडला की बडवायची, धुवायची, वाळवायची. रस अंगाला लागला की खाज सुटते, आणि कुजलेल्या पानांचा वास काही विचारू नका. मग वळणं. प्रत्येक पेडाला एका दिशेनं पीळ द्यायचा आणि सगळे पेड एकत्र उलट दिशेनं वळायचे. दोन्ही पीळ एकमेकांना अडवतात, म्हणून दोर सुटत नाही.

महाराष्ट्रातल्या गावांत हे काम मांगांचं, म्हणजे आजच्या मातंग समाजाचं. बलुतेदार म्हणून सुगीला धान्य मिळे. पोळ्याला बैलांसाठी नवे दोर द्यावे लागत. आत्र्यांच्या ‘गावगाड्या’त (१९१५) बलुत्याची ही सगळी देवघेव तपशिलात येते. मला त्यातला एक हिशेब मात्र कधीच जुळवता आला नाही. वाख ओला करून वळणारे हात अस्पृश्य. त्याच हातांनी वळलेला नाडा दिवसभर विहिरीत भिजला तरी पाणी बाटत नसे. त्या माणसानं स्वतः पोहरा सोडला की मात्र बाटे.

पुढे इंजिनं आणि विजेचे पंप आले, मोट गेली. नायलॉन आलं, ते कुजत नाही, स्वस्तही पडतं. ‘पारंपरिक कला लोपली’ म्हणून हळहळणं सोपं आहे. बलुत्यातून सुटका झाली ती याच काळात, आणि हातातलं कामही याच काळात गेलं. बदल्यात जमीन मिळाली नाही. केकताड ज्या बांधावर वाढे, तो बांधही बहुधा दुसऱ्याचाच असे.