पार्ट नंबर तोच, पार्ट वेगळा

आजचा भाग गाड्यांच्या रिकॉलवर. रिकॉल म्हणजे काय, तर विकलेल्या गाडीत सुरक्षेचा दोष सापडला की कंपनीने ती परत बोलवायची आणि फुकटात दुरुस्त करून द्यायची. अमेरिकेत यामागे 1966 चा कायदा आहे. त्याच्या आदल्याच वर्षी राल्फ नेडर यांच्या पुस्तकाने मोटार कंपन्यांची झोप उडवली होती. पुढे फोर्ड पिंटोची मागून धडक बसली की पेट घेणारी टाकी आणि 1978 मधला 15 लाख गाड्यांचा रिकॉल, ही गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. म्हणून ती सोडतो. मला बोलायचंय ते जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचबद्दल, कारण सॉफ्टवेअरवाल्याला ही गोष्ट जरा जास्तच लागते.

शेवरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन अशा छोट्या, स्वस्त गाड्या. किल्ली फिरवतो तो स्विच डेल्फी नावाची कंपनी बनवायची. किल्ली 'रन' जागेवरून हलवायला ठरावीक जोर लागला पाहिजे, किमान 15 न्यूटन-सेंटिमीटर, असं जीएमचंच स्पेसिफिकेशन होतं. तयार स्विच त्याच्या बराच खाली भरला. तरीही 2002 मध्ये जीएमच्या डिझाइन इंजिनिअरने तो मंजूर केला. स्विचच्या इतर कटकटींनी तो इतका वैतागला होता की एका ईमेलखाली त्याने स्वतःची सही 'या नरकातल्या स्विचला कंटाळलेला' अशा अर्थाची केली होती!

मग व्हायचं काय? जुडग्यात चार किल्ल्या जास्त असल्या किंवा गुडघ्याचा धक्का लागला की किल्ली 'अ‍ॅक्सेसरी'वर सरकायची. चालत्या गाडीचं इंजिन बंद, पॉवर स्टीअरिंग बंद. तक्रारी आल्या. 2005 मध्ये कंपनीने डीलर्सना बुलेटिन पाठवलं, की ग्राहकाला सांगा, जुडगा हलका ठेवा. आणि किल्लीच्या लांब खाचेत बसवायला एक छोटी गुटली दिली, म्हणजे जुडगा तितका झुलणार नाही. फाईलमध्ये या प्रकाराची नोंद ग्राहकाची गैरसोय अशी होती, सुरक्षेचा दोष अशी नव्हती. सगळं घोडं तिथेच अडलं. गैरसोय म्हटलं की मग खर्च परवडतो का हा प्रश्न रास्त वाटायला लागतो.

आणि एक गोष्ट त्या टेबलावर बसलेल्यांना जोडताच आली नाही. किल्ली 'अ‍ॅक्सेसरी'वर गेली की एअरबॅगही झोपते. म्हणजे गाडी बंद पडून आदळते आणि नेमकी त्याच वेळी एअरबॅग उघडत नाही. स्विचवाले एका विभागात, एअरबॅगवाले दुसऱ्या. गंमत बघा (गंमत कसली!), हा दुवा 2007 मध्येच विस्कॉन्सिनच्या एका पोलिसाने अपघाताच्या अहवालात लिहिला होता, त्या बुलेटिनचा हवाला देऊन. अहवालाची प्रत जीएमच्या फाईलमध्ये होती. सुरक्षेचं नियमन करणाऱ्या एनएचटीएसए या सरकारी संस्थेतही त्या वर्षी चौकशीचा प्रस्ताव आला आणि बाजूला पडला.

आता खरा मुद्दा. एप्रिल 2006 मध्ये त्याच इंजिनिअरने स्विच बदलायला मंजुरी दिली. आतला खटका लांब, स्प्रिंग जास्त घट्ट. बदल योग्यच होता. पण पार्ट नंबर बदलला नाही. आमच्याकडे कुणी व्हर्जन न बदलता आतला कोड बदलून टाकला तर काय होतं ते सांगायला नको. बिघाड कधी येतो, कधी येत नाही, आणि रेकॉर्ड शपथेवर सांगतं की काहीच बदललेलं नाही. जीएमचे तपासनीस पुढे अनेक वर्षं याच भिंतीवर डोकं आपटत होते. 2007 नंतरच्या गाड्यांत हा प्रकार दिसेना, आणि स्विच तर कागदावर तोच. इंजिनिअरनेही शपथेवरच्या जबानीत अशा बदलाची माहिती नाकारली.

कोडं सुटलं ते बाहेर. जॉर्जियात 2010 साली एका तरुणीचा कोबाल्टमध्ये मृत्यू झाला. तिच्या आईवडिलांच्या वकिलाने नेमलेल्या तज्ज्ञाने नवा स्विच विकत आणला, जुन्याशेजारी ठेवला, दोन्ही उघडले. नंबर एकच, आतला खटका वेगळा. एवढंच!

फेब्रुवारी 2014 मध्ये रिकॉल सुरू झाला आणि वाढत वाढत जगभरात सुमारे 26 लाख गाड्यांवर गेला. दोष निश्चित झाल्यावर पाच कामकाजी दिवसांत कळवायचं, असा नियम. इथे दहा वर्षं गेली. कंपनीनेच नेमलेल्या अँटन वॅल्युकास या वकिलांच्या अहवालात 'जीएम नॉड' असा शब्द येतो: बैठकीत सगळे मान डोलावतात आणि बाहेर पडून कुणीच काही करत नाही. 2008 च्या एका अंतर्गत प्रेझेंटेशनमध्ये तर टाळायच्या शब्दांची यादीच होती. 'दोष' लिहायचं नाही, 'डिझाइनप्रमाणे काम करत नाही' लिहायचं. 'प्रॉब्लेम' लिहायचं नाही, 'बाब' लिहायचं. मला त्या इंजिनिअरपेक्षा ही यादी जास्त भयंकर वाटते. चूक एकाच्या हातून होते, पण ती सापडू नये अशी भाषा तयार करायला अख्खं ऑफिस लागतं.

पंधरा जणांना काढलं. 2015 मध्ये अमेरिकी सरकारशी 90 कोटी डॉलर भरून तडजोड झाली. व्यक्ती म्हणून कुणावरही फौजदारी खटला झाला नाही. मृतांचा आकडा कंपनी आधी 13 सांगत होती. भरपाईचं काम सोपवलेल्या केनेथ फाइनबर्ग यांनी 124 मृत्यूंचे दावे मान्य केले.

त्यातला एक 2004 मधला टेक्सासचा. आयन झाडावर आदळली आणि शेजारी बसलेला तरुण गेला. गाडी त्याची मैत्रीण चालवत होती. 2007 मध्ये तिने हलगर्जीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा कबूल केला. न्यायालयाने तो रद्द केला नोव्हेंबर 2014 मध्ये. तोवर दहा वर्षं ती हेच धरून चालली होती की त्याला आपणच मारलं.