खांब, खाट आणि दोर

चार वर्षांपूर्वीं टेंभुर्णीस एका लग्नाच्या पंगतींत मला मांडी घालून बसतां आलें नाहीं. यजमानांनीं मोठ्या अगत्यानें खुर्ची आणून दिली. त्या खुर्चीवर जेवलेली जिलबी मला अजून कडू लागते. जालना जिल्ह्यांतलें हें माझें गांव. ज्या ओसरीवर मीं लहानपणीं तासन् तास बैठक मारली, तिथेंच उंचावर बसून जेवण्याची पाळी आली.

पुढें मुलीच्या आग्रहानें तिच्याकडे छत्रपती संभाजीनगरास चार महिने राहिलों आणि यंत्रांवर व्यायाम शिकविणाऱ्या एका वर्गांत जाऊं लागलों. या पद्धतीस पिलाटेस म्हणतात. यंत्र म्हणजे एक लांबट खाट. तींत रुळांवर सरकणारी गादी, गादीला स्प्रिंगा आणि पायाशीं एक दांडी. पहिल्या दिवशीं मीं पाय रेटून गादी मागें लोटली; परत येतांना ती धाडकन् आदळली. शिकविणारी मुलगी हंसून म्हणाली, "काका, ढकलणं सोपं आहे. परत येताना तिला आवरून धरा." सारी विद्या या एका वाक्यांत होती, हें कळावयास मला महिना लागला.

गांवीं ही हकीकत सांगितली तेव्हां एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "अरे, हा तर आपला मल्लखांबच! साहेबानें उचलला." असें बोलणें ऐकावयास गोड असतें. पण तें खरें आहे काय?

खांबावरील श्रमाचा उल्लेख बाराव्या शतकांतील 'मानसोल्लास' या ग्रंथांत सांपडतो. त्याचा कर्ता कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर. पुढें ही विद्या मागें पडली, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळांत बाळंभटदादा देवधर यांनीं तिला नवें रूप दिलें. आख्यायिका अशी कीं, निजामाच्या पदरच्या अली व गुलाब या मल्लांनीं पुणें दरबारास आव्हान दिलें. कोणी पुढें येईना. तरुण बाळंभटांनीं मुदत मागितली, वणीस सप्तशृंगीपुढें अनुष्ठान केलें, तेथें प्रत्यक्ष मारुतीनें त्यांस लांकडी खांबावर डावपेंच दाखविले, आणि परत येऊन त्यांनीं कुस्ती मारली. टेंभुर्णी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होती. त्यामुळें ही गोष्ट ऐकतांना आपण नेमके कोणाच्या बाजूचे, असा प्रश्न मला लहानपणीं पडे. असो. सागवानी किंवा शिसवी खांब, त्यावर एरंडेल चोळलेलें, मांड्यांनीं घातलेली अढी: यानें अंग वेतासारखें लवतें यांत शंका नाहीं. परंतु खांब स्वतः हलत नाहीं आणि कोणाला सांवरीतही नाहीं. हें साधन मल्लासाठीं निघालें. ताठलेल्या कंबरेनें त्याच्याजवळ जाऊन काय करावें?

जोसेफ पिलाटेसची गोष्ट दुबळ्या शरीरापासून सुरू होते. त्याचा जन्म १८८३ सालीं जर्मनींत म्योंशेनग्लाडबाख येथें झाला. बाळपणीं त्याला दमा आणि मुडदूस यांनीं ग्रासलें होतें असें त्याचे चरित्रकार सांगतात. पहिलें महायुद्ध पेटलें तेव्हां तो इंग्लंडांत होता. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला मॅन बेटावर स्थानबद्ध करण्यांत आलें. तेथें अंथरुणास खिळलेल्या रोग्यांच्या खाटांना त्यानें स्प्रिंगा लावून त्यांस निजल्यानिजल्या व्यायाम दिला, अशी कथा आहे. मारुतीच्या कथेइतकी ती अद्भुत नसली तरी तीही कथाच. मात्र यंत्राचा खाटेसारखा आकार तिला दुजोरा देतो. १९२६ च्या सुमारास तो न्यूयॉर्कला गेला, १९२७ सालीं एका यंत्राचें पेटंट मिळविलें, आणि नर्तक-नर्तकी दुखावलेलीं अंगें घेऊन त्याच्या दारीं येऊं लागल्या. आपल्या पद्धतीस तो 'काँट्रॉलॉजी' म्हणे. १९६७ सालीं तो वारला, आणि ज्या नांवाचा त्यानें कधीं आग्रह धरला नाहीं तें त्याचें स्वतःचें नांवच पद्धतीस चिकटलें. २००० सालीं न्यूयॉर्कच्या न्यायालयानें तें नांव कोणाच्या मालकीचें नाहीं असा निकाल दिला.

याचा आपल्याकडील खरा सगोत्र पाहावयाचा तर पुण्यास जावें लागेल. बी. के. एस. अय्यंगार यांचाही जन्म (१९१८) दुखणाईत बाळपण घेऊन आलेला. ते १९३७ सालीं पुण्यास आले आणि तेथलेच झाले. ज्या शिष्याचा हात पायापर्यंत पोंचत नाहीं त्याच्या हातीं त्यांनीं पट्टा दिला. ज्याचा तळवा जमिनीस टेंकत नाहीं त्याच्याखालीं ठोकळा ठेवला. भिंतींना दोर बांधले. १९७५ सालीं उघडलेल्या त्यांच्या पुण्याच्या संस्थेंत ते दोर कित्येकांनीं पाहिले असतील. २०१४ सालीं त्यांचें निधन झालें. स्प्रिंग माणसाशीं झुंजते, दोर त्याला तोलून धरतो. हा भेद मोठा आहे. पण दोन्ही ठिकाणीं प्रश्न एकच विचारलेला दिसतो: ज्याला वांकतां येत नाहीं त्याचें काय?

वर्गाची फी मला जड होती, आणि यंत्र कांहीं टेंभुर्णीस नेतां येत नव्हतें. पट्टा मात्र जुन्या धोतराचाही होतो. तो खिडकीच्या गजाला बांधून मी रोज सकाळीं अर्धा तास घालवितों, आणि परत येतांना स्वतःला आवरून धरतों. उजवा गुडघा अद्याप जमिनीपासून चार बोटें वर राहतो. त्याखालीं घोंगडीची घडी सारावी लागते. गेल्या वैशाखांत पुन्हां एका पंगतींत माझ्यासाठीं खुर्ची आली. ती मीं त्याच वडीलधाऱ्या गृहस्थांकडे सरकविली.